आजीच्या पाच रेशमी साड्या : कामाच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार
आज ट्रंक उघडली. आजी जाऊन वर्ष होत आलं, मिरजेचं घर मामा रिकामं करतोय म्हणून आईच्या वाटणीच्या साड्या पुण्याला माझ्याकडे आल्यात. मलमलीच्या जुन्या धोतरात बांधलेल्या पाच साड्या, मधे कडुनिंबाचा वाळका पाला, तोही चुरा झालेला. लग्नातला शालू (१९५८ चा, लाल आणि जरीच्या बुट्ट्या), हिरवी रेशमी इरकल नऊवारी, वांगी रंगाची नारायणपेठ सहावारी, एक पैठणी, आणि एक गुलाबी "सिल्क" जी आजी कुणाच्या तरी मुंजीत नेसलेली मला आठवते.

शालूची घडी उचलली तर घडीवरच फाटला. ओढला नाही काही नाही, नुसता उचलला. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिला की रेशमाचा धागा तिथे तुटतोच, वर जरीचं वजन. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायला हवी हे मला माहितीये आणि तरी गेलं वर्षभर कुणीच ती ट्रंक उघडली नाही. फार वाईट वाटलं.

एक ठरवलंय, इथेच लिहून ठेवते. जी साडी अजून नेसता येते तिला कात्री लावायची नाही. पैठणी धडधाकट आहे, ती तशीच राहणार. बाकीच्यात जिथे कापड आधीच गेलंय तिथूनच कापायचं, मग त्यातून काय होईल ते होईल. लोक इंटरनेटवर चांगल्या साड्यांचे ड्रेस शिवतात ते बघून माझा जीव तुटतो, विणकराने महिना महिना बसून केलेलं काम असतं ते.

९ जून
धागा जाळून बघितला. प्रत्येक साडीच्या आतल्या टोकाचे दोन-तीन धागे, चिमट्यात धरून, सिंकवर. खरं रेशीम केस जळल्यासारखा वास मारतं आणि राख बोटात चुरली जाते. गुलाबी साडीचा धागा वितळून कडक मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. आई म्हणाली आजीला माहीतच असणार, तिने कधी ती सोवळ्यात वापरली नाही.

मग खिडकी. एकेक साडी उजेडासमोर धरून सरकवत गेले, जिथे कापड विरलंय तिथून उजेड जास्त येतो. अशा जागेला खडू नाही पेन नाही, पांढऱ्या दोऱ्याचा सैल टाका घालून खूण करायची. इरकलीत काष्टा मागे खोचतात आणि मांडी घालून बसताना ताण येतो त्या भागात जवळपास सव्वा मीटर कापड जाळीसारखं झालंय. खालचा काठ जमिनीला घासून पाच-सहा ठिकाणी गेलाय. पण खांद्यावरचा भाग आणि आतल्या निऱ्या अगदी घट्ट. म्हणजे आठ मीटरमधलं साधारण पाच मीटर कामाचं कापड आहे, खूप झालं.

१६ जून
धुतल्या. आधी ओला पांढरा रुमाल प्रत्येक रंगावर दाबून धरला. हिरवा रंग पक्का, वांगी पक्का, इरकलीच्या पदराचा लाल मात्र रुमालावर आला. त्यामुळे पदर न भिजवता बाकीची साडी रिठ्याच्या गार पाण्यात, पाच मिनिटं, चोळायची नाही पिळायची नाही. नेहमीची पावडर अजिबात नको, डाग खाणारी एन्झाइमं असतात त्यात आणि रेशीम म्हणजे प्रोटीनच, ते त्यालाही खातात.

इथे चूक झाली. पावसामुळे घरातच दोरीवर टाकलं होतं आणि ओल हळूहळू वर चढत पदरापर्यंत गेली, लाल पांढऱ्या पट्ट्यात उतरला. इरकलीच्या पदराची ओळख म्हणजे लाल आणि त्यात पांढरे पट्टे, आणि त्यातला एक आता गुलाबी झालाय, तळहाताएवढा. परत गार पाणी, परत टॉवेल, थोडा गेला, सगळा नाही गेला. पदर वेगळा वर उचलून प्लास्टिकमधे बांधून ठेवायला हवा होता.

२९ जून
नारायणपेठचा फॉल उसवला. हे काम मला सगळ्यात जास्त आवडलं त्यामुळे सविस्तर लिहिते. फॉल सुती, पहिल्या धुण्यातच आटलेला, म्हणून काठ इतकी वर्षं गोळा झालेला होता. ब्लेडने एकेक टाका कापत गेले, हाताची तुरपाई, टाके इतके बारीक की उलट बाजूने मोजायला भिंग लागेल. अडीच मीटर उसवायला दोन तास लागले. आणि फॉल बाजूला झाला तेव्हा खाली पाच इंचाची पट्टी, त्या रंगाला मी इतके दिवस वांगी म्हणत होते पण खरा वांगी तर हा होता, ताजा, वरून पाणी मारलेल्या वांग्यासारखा. बाकीची साडी त्याच्यापुढे मातकट दिसायला लागली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या पट्टीला ऊनच लागलं नव्हतं. आई शेजारी बसली होती, ती म्हणाली, "ही अशीच होती गं. मी दहावीत होते तेव्हा घेतलेली. मला वाटलं माझंच चुकीचं लक्षात राहिलंय."

मग मी पूर्ण साडी उलटून बघितली. उलटी बाजू सुलटीपेक्षा दोन छटा तरी गडद आहे. अंगभर साध्या विणीच्या चौकटी, त्यामुळे दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच. म्हणजे जॅकेट शिवायचं तर उलटी बाजू बाहेर घ्यायची! हे आधी कसं सुचलं नाही. फक्त पदराकडे मागे धागे मोकळे आहेत, तो भाग सोडायचा.

७ जुलै
जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे आज सोसायटीत आले होते. आईने सहज शालू दाखवला. त्यांनी जरी नखाने खरवडली, आतला रेशमी दोरा बघितला, काटा काढला, वजन केलं आणि आकडा सांगितला. शालूत खरी जरी आहे, चांदीच्या चपट्या तारेवर सोन्याचं पाणी, ती रेशमाच्या दोऱ्याभोवती गुंडाळलेली. हे लोक साडी जाळतात आणि राखेतून चांदी काढतात. आकडा वाईट नव्हता. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की आजीची एक जांभळी साडी तिने १९९० च्या आसपास अशीच दिली होती, माझ्या शाळेच्या फीचा प्रश्न होता तेव्हा, आणि आजीला कधी सांगितलं नाही. मला हे आजच कळलं. त्या माणसाला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं.

२१ जुलै
मावशी आली, आणि यायच्या आधीच चिडलेली. "आईच्या साडीला कात्री लावायची? ठेवता येत नसेल तर मला दे." तिला खिडकीशी नेलं, इरकल उजेडासमोर धरली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने हात लावून लावून बघायला सुरुवात केली आणि निऱ्यांच्या भागात एका जागी थांबली, "हे बघ, इथे आईने रफू केलंय."

मी या जागेवरून दहा वेळा हात फिरवलाय आणि मला दिसलं नव्हतं. रुपयाएवढी जागा, खिळ्याला वगैरे अडकून फाटलेली असणार, आणि ताण्यातून बाण्यातून, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांतून, एकेक धागा विणल्यासारखा भरलाय. रंग इतका तंतोतंत की तिरप्या उजेडात धरल्यावरच कळतं. मी विचारलं एवढा जुळणारा रेशमाचा दोरा आजीने आणला कुठून, मिरजेत तेव्हा काय मिळत असेल. मावशी म्हणाली, "आणायचा कशाला? साडीच्याच दशा." साडीच्या टोकाला न विणलेल्या ताण्याच्या दशा असतात ना, नवी साडी आली की आजी त्यातल्या थोड्या कापून ठेवायची, आणि बाण्याचा रंग हवा असेल तर आतल्या खोचायच्या टोकाचे धागे ओढून काढायची. लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर गुंडाळून. मावशीकडे आजीचा शिवणाचा डबा आहे, त्यात असतील म्हणते.

कात्रीबद्दल मात्र तिचं मन अजून वळलेलं नाही. म्हणाली छोटीसाठी, म्हणजे माझ्या भाचीसाठी, परकर-पोलकं कर, ते आई स्वतःही करायचीच, पण जॅकेट-बिकेट नको. मी जॅकेट करणार आहे. नारायणपेठ विकत घेताना आजीला ती अंगावर घालायला हवी होती, ट्रंकेत ठेवायला नको होती, मला तरी असंच वाटतं.

३ आणि ४ ऑगस्ट
शालू. दोन दिवस गेले आणि पहिला दिवस वाया. इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्युजिंग रविवार पेठेतून आणलं होतं, बारक्या तुकड्यावर लावून बघितलं. डिंक रेशमातून वर आला, लाल रंगावर ओलसर डाग पडल्यासारखा दिसायला लागला आणि कापड पुठ्ठ्यासारखं झालं. थोड्या वेळाने तोच तुकडा दुमडला तर चिकटलेल्या कापडासकट चिरला. नशीब तुकड्यावरच केलं.

दुसऱ्या दिवशी गोधडीचा विचार आला. गोधडीत तरी काय असतं, विरलेल्या साड्याच असतात, आणि त्या वीस-वीस वर्षं टिकतात कारण टाके जवळजवळ असतात, ताण एका ठिकाणी येतच नाही. मऊ मलमल धुऊन आटवून घेतली, त्यावर शालूचा तुकडा पसरला, आणि दर पाव इंचावर धावदोरा, हाताने, बारीक सुई, एकेरी रेशमी दोरा. जिथे चीर आहे तिथे कडा एकमेकांशेजारी आणून वरून टाके, चीर झाकायची नाही. जरीच्या बुट्टीतून सुई घालायची नाही, बुट्टीच्या कडेने वळायचं, नाहीतर तार तुटते आणि तिचं टोक वर येऊन बोचतं.

एक फूट बाय एक फूट व्हायला साडेचार तास. पण हातात धरलं तर कापड पुन्हा कापडासारखं लागतंय. यातून बटवे होतील, सहा, आणि आजीच्या पोथीसाठी एक बासन, म्हणजे पोथी बांधायचं कापड. सध्याचं बासन टेरिकॉटचं आहे, मला ते कधीच आवडलं नाही.

१५ ऑगस्ट
सुट्टी होती, परकराचं कापड बेतलं. भाची पाच वर्षांची, कंबर २१ इंच, उंची २४. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४७ इंच. खालच्या काठापासून वर २८ इंच घेतले, त्यात नेफ्याला दोन आणि आतून एक दाब घालायला दोन, म्हणजे पुढच्या वर्षी दाब उसवला की परकर दोन इंच लांब. घेर तीन मीटर. उरलेला १९ इंचाचा वरचा भाग काठासकट पोलक्याला, बाह्यांना तोच गोमी काठ (इरकलीच्या काठाचा एक प्रकार) येईल.

खालचा काठ जिथे गेलाय ते तुकडे टाळायला साडी दोनदा जोडावी लागली. चौकटी नाहीत, साधं अंग आहे, त्यामुळे जोड निरीत लपेल. पदर कापला नाही. इरकलीत पदराचा ताणा वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला एकेक धाग्याचा फास घालून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात, बोट फिरवलं तर ती बारीक रेघ लागते. ती तोडायची माझी हिंमत झाली नाही. पदर आणि त्यामागचा हातभर भाग तसाच ठेवलाय, गुलाबी पट्ट्यासकट, त्याची ओढणी होईल.

आजीचं रफू परकरात येईल असं कापलं. पुढच्या बाजूला, डावीकडे.

२५ ऑगस्ट
मशीनचं लिहून ठेवते म्हणजे पुढच्या वेळी शोधावं लागणार नाही. सुई ११ नंबर, नवी, इरकलीच्या अंगाला. काठाला आणि जरीला वेगळी सुई, कारण जरीवर सुई बोथट होते आणि तीच पुढे रेशमात वापरली की धागे ओढते, खालच्या बाजूला रेघ पडते. टाका अडीच मिलिमीटर, याहून बारीक टाका घातला तर जुन्या रेशमात छिद्रांची ओळ होऊन तिथेच फाटतं, तिकिटासारखं. टाचण्या फक्त शिवणीच्या आतल्या भागात, त्याची भोकं बुजत नाहीत. रेशीम घसरतं म्हणून आधी हाताने कच्चा दोरा. शिवण आतून दोनदा दुमडून, म्हणजे कच्ची कड आतच बंद होते. इस्त्री एका ठिपक्यावर, वर सुती रुमाल ठेवून, वाफ नाही.

६ सप्टेंबर
परकर-पोलकं झालं, उद्या गणपती. पोलक्याला आतून जुन्या वॉयल ओढणीचं अस्तर लावलं, जरीची टोकं अंगाला लागू नयेत म्हणून बाहीच्या आतल्या कडेला उरेब (तिरकी कापलेली) पट्टी. छोटीने घालून गरागरा फिरून दाखवलं. मग विचारलं, "हे पणजीचं आहे तर तिला आता काय?" बहिणीने काहीतरी सांगितलं तिला, मी स्वयंपाकघरात निघून गेले.

२२ सप्टेंबर
जॅकेट. बिनबाह्यांचं, कमरेपर्यंत, सरळ. नारायणपेठची उलटी बाजू बाहेर. चौकटी पुढच्या दोन्ही भागांवर जुळवायला पूर्ण दुपार गेली, आणि काखेच्या शिवणीवर डावीकडे अजून एक चौकट पाव इंच वर आहे, उसवू की नको तीन वेळा ठरवलं आणि नाही उसवलं, हे कापड जितक्या वेळा उसवाल तितकं विरतं. फॉलखालचा काठ, तो ताजा रंग, पुढच्या उघडणाऱ्या कडेला उभा लावला. साडी नेसल्यावर काखेपाशी यायचं ते कापड घामाने कडक झालेलं होतं तो भाग अर्थातच घेतला नाही, तसा भाग घेऊच नये, धुऊनही घामाचं नुकसान भरून येत नाही.

बटणं कोपऱ्यावरच्या टेलर मास्तरांकडून साडीच्याच कापडाने मढवून आणली. मास्तरांनी जॅकेट उलटं-पालटं करून बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे उलट्या बाजूने शिवलंय." मी फॉलची गोष्ट सांगितली तर त्यांनी दुकानातल्या मुलाला बोलावून दाखवलं. पैसे घेतले नाहीत.

३ नोव्हेंबर, भाऊबीज
सगळे इथे जमले. बटवे वाटले, आई, मावशी, मामी, बहीण, मावसबहीण आणि एक मला. मामींनी लगेच त्यात सुपारी आणि लवंग भरली. बासन पोथीला बांधलं, बरोबर बसलं.

मी जॅकेट घातलं होतं, मुद्दाम आधी काही बोलले नाही. मावशीने काठाला हात लावला आणि आईला म्हणाली, "अगं ही आपली नारायणपेठ. हाच रंग होता." मग पिशवीतून एक चपटा पत्र्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. त्यात लग्नपत्रिकेचे कापलेले तुकडे, प्रत्येकावर रेशमाचे धागे गुंडाळलेले आणि बाजूला पेन्सिलीने आजीच्या अक्षरात : हिरवी इरकल, नारायणपेठ, शालू, मोरपंखी. आणि एक जांभळी. त्या जांभळ्या तुकड्याकडे आई बघत राहिली. मी तो तिलाच दिला.

मावशीची स्वतःची एक साडी आहे, काठ चांगला आणि अंग गेलेलं. म्हणाली दिवाळीनंतर आणते, बघ काय होतं का.

१० नोव्हेंबर
परकर नेफ्याजवळ फाटलाय. छोटी भाऊबीजेला पलंगावरून उडी मारताना बहिणीचा पाय घेरावर होता. दीड इंच, आडवी. चूक माझीच, सगळा घेर नुसत्या रेशमी नेफ्यावर तोलला होता, कमरेला आतून सुती पट्टी द्यायला हवी होती, आता दिली. सगळा ताण त्या पट्टीवर येईल.

फाटलेल्या जागी मागे हिरवट मलमल ठेवली, आणि डब्यातला "हिरवी इरकल" तुकडा काढला. धागा इतका बारीक की नेहमीच्या सुईच्या नेढ्यात सैल पडतो, मोत्याची सुई घेतली. आधी उभे धागे, चिरेच्या दोन्ही बाजूंना पाव इंच जास्त, ओढायचे नाहीत. मग आडवे, एक वर एक खाली. अर्धा झालाय. आजीच्या रफूइतका सपाट नाही येत, माझे धागे थोडे वर उठतायत, बहुतेक ती ओला रुमाल खाली ठेवून करायची, मावशीला विचारायचंय. पत्रिकेवर अजून साधारण हातभर धागा शिल्लक आहे.